लेबल तुमचे चुकले, शुल्क आम्ही का भरायचे?

प्रति,
व्यवस्थापक, प्राचीन नाणी पडताळणी विभाग

विषय: स्लॅबमधील (तुमच्या सीलबंद प्लास्टिक डब्यातील) दोन रोमन नाण्यांचे चुकीचे वर्गीकरण

आजचा फोन "नोंद घेतली आहे" या वाक्यावर संपला. कशाची नोंद घेतली हे विचारल्यावर फोन बंद झाला, म्हणून ती लेखी देतो.

पहिले नाणे चांदीचा डिनारियस. तुमचे लेबल म्हणते "काराकाला". नाणे एलागाबालस या दुसऱ्या सम्राटाचे आहे. दोघांचेही अधिकृत नाव अंतोनिनस, म्हणून नाण्यावरचा लेख अर्धा वाचून चालत नाही. रोमच्या टाकसाळीत काराकालाच्या डिनारियसवर २०१ पासून "अंतोनिनस पियस ऑग" (ऑग म्हणजे ऑगस्टस) येते, पुढे त्याला "ब्रिट" (ब्रिटनविजेता) आणि २१३ पासून "जर्म" (जर्मनविजेता) जोडले जाते. या नाण्यावर सुरुवातीलाच "इम्प" (इम्परेटर, म्हणजे सम्राट) आहे: "इम्प अंतोनिनस पियस ऑग". हा एलागाबालसचा लेख. तरी शंका राहिलीच तर नाणे उलटायचे. मागे "सुम्मस सासेर्दोस ऑग", म्हणजे मुख्य पुजारी, तिपाईवर आहुती देणारा सम्राट, हातात फांदी, बाजूच्या मोकळ्या जागेत तारा. पुढच्या बाजूला कपाळावर शिंगासारखा उंचवटाही दिसतो. सीरियातल्या एमेसा शहराच्या सूर्यदेवाचा पुजारी असलेला सम्राट २१८ मध्ये गादीवर आला. काराकालाचा खून २१७ मध्येच झाला होता. संदर्भ: आरआयसी ("रोमन इम्पीरियल कॉइनेज" ही रोमन नाण्यांची प्रमाण सूची) खंड ४, भाग २, एलागाबालस, क्रमांक १४६. तुम्ही भाग १ मधला क्रमांक छापला आहे, आणि त्या क्रमांकाच्या वर्णनात ना पुजारी आहे ना तारा.

आता फोनबद्दल. तुमच्या "वरिष्ठ तज्ज्ञांनी" दिलेले उत्तर शब्दशः असे: "सर, नाण्यावर एलागाबालस असं कुठे लिहिलंय? अंतोनिनस लिहिलंय, म्हणजे काराकाला." मी म्हटले, काराकाला असेही कुठे लिहिलेले नाही, तेही टोपणनावच आहे, अंगरख्यावरून पडलेले. त्यावर थोडी शांतता, मग: "पण सिस्टीममध्ये तेच येतं ना." मी तारा पाहायला सांगितला. उत्तर आले, तो "डाय-क्रॅक असू शकतो", म्हणजे ठशाला गेलेल्या तड्याची खूण. सहा सारख्या किरणांची डाय-क्रॅक! मी शिंगाचे विचारले, तर "पॅटिना", म्हणजे धातूवर काळाने चढलेला थर. शेवटी "वजन तर जुळतंय ना सर?" जुळणारच. दोघांचेही डिनारियस सुमारे तीन ग्रॅमचे, त्यामुळे वजनावरून हा भेद निघतच नाही. याच तर्काने मार्कस ऑरेलियसही काराकाला ठरतो, तोही अंतोनिनसच. तीन सम्राट एकाच लेबलात बसवले की छपाईचा खर्च तरी वाचेल.

दुसरे नाणे कॉन्स्टंटाइन घराण्याचे, लहान काशाचे, "ग्लोरिया एक्सर्सितुस" (सैन्याचा गौरव) असा लेख असलेले. दोन सैनिक आणि मध्ये एकच ध्वज. लेबलवर काळ "३३०–३३५" आणि टाकसाळ "निकोमीडिया". दोन ध्वजांचा प्रकार ३३० ते ३३५ चा. एक ध्वज त्यानंतर आला, आणि नाणे हलकेही झाले. ध्वज मोजायला भिंगसुद्धा लागत नाही. खालच्या पट्टीत टाकसाळीची खूण "एस एम ए एन ए" स्पष्ट आहे. "एस एम" नंतर "ए एन" म्हणजे अँटिओक, शेवटचा "ए" म्हणजे टाकसाळीचा पहिला विभाग. निकोमीडिया असते तर "एस एम एन ए" असते. मधले एक अक्षर गाळून तुम्ही टाकसाळ पार दुसऱ्या शहरात नेलीत.

आणि या दुरुस्तीसाठी तुम्ही "री-होल्डर शुल्क", म्हणजे नव्या डब्यात घालण्याचे शुल्क, मागता, शिवाय पाठवण्याचा खर्च माझा. चूक तुमची, डबा तुमचा, फोटो तुम्हीच काढलेला, आणि त्या फोटोत तारा दिसतो. पुन्हा लिहितो, तारा तुमच्याच फोटोत दिसतो.

इतकी वर्षे तुमचा डबा पाहिला की लोक नाणे पाहायचे थांबत. आता उलटे करावे लागेल.

दोन्ही नाणी तुमच्या खर्चाने उचलून न्या, आरआयसी क्रमांकांसह योग्य लेबल लावा, आणि तपासणाऱ्याने लेख दोन्ही बाजूंनी वाचल्याचे लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन, आणि तुमच्याच साइटवरचे हे फोटो लेबलांसह संग्राहकांच्या प्रत्येक ग्रुपवर टाकीन. "सिस्टीम" हा शब्द असलेले उत्तर मात्र पाठवू नका.

तक्रारदार ग्राहक