वायरमन फोन उचलत नाही? माझा पण उचलत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र होतं. वळवाच्या पावसात त्यांच्याकडची लाईट २६ तास गेली आणि वायरमन फोनच उचलत नाहीत, मोबाईल बंद करून झोपतात असं त्यांनी लिहिलं होतं. २६ तास लाईट नाही म्हणजे हाल होतातच, नळाला पाणी नाही, दळण नाही, लहान पोरं रात्रभर रडतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फोनचं म्हणाल तर माझ्या नवऱ्याचा फोन मलाच लागत नाही तर तुम्हाला कुठून लागणार. म्हणून म्हटलं लिहावंच, पेपरला पहिल्यांदाच लिहितेय, काय चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर लाईनमन आहेत, पण गावात असतात तसे नाहीत. आयटीआयला तारतंत्री म्हणजे वायरमनचा कोर्स केलाय आणि एका ठेकेदाराकडे आहेत, काम निघेल तिथे गाडी निघते. आठ-नऊ पोरांची गँग, एक पिकअप, त्यात शिड्या, दोरखंड, तारेची बंडलं आणि मागे एक गॅसची शेगडी. आज जालन्याकडे शेतीच्या फीडरचं (सबस्टेशनवरून निघणाऱ्या लाईनचं) काम, पुढच्या महिन्यात नंदुरबार, आणि कुठे वादळ किंवा पूर आला की हातातलं सगळं तिथेच टाकून तिकडे पळायचं. आमचं लग्न जमलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलेलं की मुलगा लाईटीत आहे. आमच्याकडे 'लाईटीत आहे' म्हटलं की लोक परमनंटच धरतात, वडिलांची कळी खुलली होती. बघायला आले तेव्हा ह्यांनीच सांगून टाकलं की परमनंट नाही, महावितरणच्या विद्युत सहायकाचा फॉर्म भरलाय, झालं तर झालं, आणि महिन्यातले वीस दिवस मी बाहेर असतो. मध्यस्थाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खरं बोलतोय म्हणून मी हो म्हटलं, वीस दिवस म्हणजे काय ते तेव्हा कळलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

लग्न झालं एप्रिल २०२५ मध्ये. जेजुरीला जाऊन आलो, मला उचलून पाच पायऱ्या चढताना ह्यांना दमसुद्धा लागला नाही, जाऊबाई म्हणाल्या रोज पोलवर चढतोय त्याला तुझं काय ओझं. आणि मग तो मे महिना आला. २०२५ चा मे आठवत असेल सगळ्यांना, वळीव म्हणता म्हणता मान्सूनच येऊन बसला, मुंबईत तर २६ मेलाच. आहेरातली भांडी अजून माळ्यावर चढवायची होती, मी स्टुलावर उभी आणि हे खालून एकेक हातात देत होते, तेवढ्यात ठेकेदाराचा फोन. कोकणात जायचंय, तासाभरात गाडी येतेय. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. अकरा दिवस.

पहिल्याच दिवशी मी सतरा फोन केले, खरंच सतरा, नंतर त्यांनीच मोजून दाखवले. एकही उचलला नाही. सासूबाई शांतपणे लसूण सोलत बसलेल्या, म्हणाल्या अगं वर असेल. मला राग आला की ह्यांना काहीच कसं वाटत नाही. रात्री साडेनऊला फोन आला तेव्हा मी रडून घेतलं आणि मग भांडले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की पोलवर चढायच्या आधी सगळ्यांचे फोन गाडीत एका स्टीलच्या डब्यात जातात. वर एका हातात पक्कड, बेल्टवर सगळा भार, पाऊस डोळ्यात, त्यात खिशात फोन वाजला तर लक्ष जातं, आणि घरून फोन आहे म्हटल्यावर तर जास्तच जातं. तेव्हापासून आमचं ठरलं. दिवसभर मी फोन करायचा नाही, आणि शेवटच्या पोलवरून खाली आले की त्यांनी एक शब्द पाठवायचा, 'उतरलो'. बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल. कधी सात वाजता येतो, कधी रात्री एकला. तो येईपर्यंत मी जेवत नाही असं काही नाही हां, जेवते व्यवस्थित, पण टीव्हीवर काय चाललंय ते मात्र डोक्यात शिरत नाही.

अशा गमती पण होतात. श्रावणात सत्यनारायण धरला होता, पाहुण्यांना सांगून झालं, प्रसादाचा रवा आणून झाला, आणि आदल्या दिवशी हे जालन्यात अडकले. मी भटजींना विचारलं की बायको नसली की पुरुष कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतात, मग नवरा नसेल तर आम्ही काय खोचायचं? भटजी पण वस्ताद, म्हणाले वहिनी, पक्कड खोचा. शेवटी दीर-जाऊबाई बसले पूजेला. फोटोत मी प्रसाद वाटताना आहे आणि नवरा कुठेच नाही, बघणाऱ्याला वाटेल पाहुणी आलीय.

आधी मला पण वाटायचं की फ्यूज टाकला की लाईट येते, मग लोकांना इतका वेळ का लागतो. आता ऐकून ऐकून पाठ झालंय. आधी मोठं सबस्टेशन चालू व्हायला लागतं, मग ३३ केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाईन, मग ११ केव्हीचा फीडर, मग गावातली डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मग डीपीवरून गल्लीत गेलेली तार आणि सगळ्यात शेवटी तुमच्या घराची सर्व्हिस वायर. वरचं झाल्याशिवाय खालचं करून उपयोग नाही, म्हणून फीडरच्या शेवटी ज्याचं घर त्याची लाईट शेवटी येते, त्यात कोणाचा राग नसतो. आणि फॉल्ट सापडायला लागतो, तो काय पाटी लावून बसत नाही. पडलेला पोल दिसतो, पण इन्सुलेटरला बारीक चीर गेलेली असेल तर उन्हात काही होत नाही, पाऊस आला की लाईन ट्रिप. मग रात्री बॅटरी घेऊन शेताच्या बांधाने, ओढ्यातून, एकेक पोल बघत चालत जायचं, ह्याला ते पेट्रोलिंग म्हणतात. कोकणात तर तारा आंब्या-फणसांतून गेलेल्या, गाडी जायला वाट नाही, पोल खांद्यावरून न्यायचे.

जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा हे नुकतेच कामाला लागले होते, पहिलंच मोठं काम, श्रीवर्धनकडे. कोरोनाचे दिवस, तोंडाला मास्क, कोणी घरात घ्यायला तयार नाही, शाळेत झोपायचे. सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झालेल्या, रस्ता कुठे होता तेच कळत नव्हतं म्हणतात. कित्येक दिवसांनी एका वाडीत लाईट आली तेव्हा एका आजीने ह्यांच्या हातात पाच रोठा सुपाऱ्या ठेवल्या, म्हणाली माझ्याकडे आता एवढ्याच राहिल्यात. त्या सासूबाईंनी जपून ठेवल्या होत्या. आमच्या साखरपुड्यात फोडली ती त्यातलीच एक. दोन अजून देव्हाऱ्यात आहेत.

आता ज्यासाठी मी मुळात हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूरकडे सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळ सगळं पाण्यात, सोलापूर-पुणे हायवेसुद्धा बंद पडला होता. ऐन नवरात्र. इकडे मी सासूबाईंबरोबर घट बसवले आणि हे तिकडे कमरेएवढ्या चिखलात. दसऱ्याला पण घरी नव्हते. 'उतरलो' मात्र रोज येत होतं म्हणून मी निवांत होते. दिवाळीत त्यांच्या गँगमधला हेल्पर फराळाला आला, वीस वर्षांचं पोरगं, वहिनी वहिनी करत चकलीवर चकली खात होतं आणि बोलता बोलता म्हणालं, वहिनी त्या दिवशी दादांनी टेस्टर लावला नसता तर आपली दिवाळी नव्हती. ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याची चकली हातातच राहिली. मी त्याला म्हटलं, तू सांग, त्यांच्याकडे बघू नको.

झालं असं की एका गावाची ११ केव्हीची तार तुटलेली. सबस्टेशनमधून रीतसर परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, घेतलं, लाईन बंद, स्विच ओढलेला. ह्यांना लाईन बंद आहे हे माहीत होतं तरी सवयीने तारेला हात लावायच्या आधी काठीवरचा टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. खाली उतरून सबस्टेशनला फोन केला, ते म्हणतात आमच्याकडून सप्लाय नाहीच. पावसात कान देऊन ऐकलं तर लांबून धडधड आवाज. गावात एकाने जनरेटर लावला होता आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून ती घरातल्याच सॉकेटमध्ये खुपसली होती, मेन स्विच तसाच चालू. त्याचं घर तर उजळलंच, पण तो करंट मीटरमधून उलटा बाहेर आला, सर्व्हिस वायरने डीपीवर गेला. डीपी येणाऱ्या ११ हजार व्होल्टचे घरात वापरण्याएवढे करते ना, तशी ती घराकडून उलटं आलं तर परत त्याचे ११ हजार पण करते, तिला काय कळतंय कुठून आलं. एरवी अख्ख्या गावाचा लोड आला की असा छोटा जनरेटर गुदमरून बंद पडतो, पण पुरामुळे बाकीचे लोक घरं बंद करून शाळेत राहायला गेलेले, लोड नव्हताच. तारेला हात लागला असता तर ज्या लाईनचं परमिट खिशात आहे त्याच लाईनवर माणूस गेला असता.

जनरेटरवाल्याकडे गेले तर तो म्हणे माझा जनरेटर, माझं डिझेल, तुमचा काय संबंध. वाईट माणूस नव्हता तो, नंतर सगळ्यांना चहा पण पाजला त्याने. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी त्या रात्री ह्यांच्याशी बोलले नाही. घडलं त्यापेक्षा मला सांगितलं नाही ह्याचं जास्त लागलं, कारण त्या दिवशी पण रात्री पावणेनऊला 'उतरलो' आलं होतं, मी जाऊन जुने मेसेज बघितले, खाली एक हसरा इमोजी पण होता. ते म्हणाले सांगून काय केलं असतंस, झोप नसती आली. मी म्हटलं नसती आली तर नसती आली, माझी झोप आहे ना ती, तुम्ही कशाला ठरवता. दोन दिवस अबोला होता, भाऊबीजेला नणंदा आल्या म्हणून सुटला. आता नियम बदललाय, 'उतरलो' नंतर घरी फोन करून दिवसभरात काय झालं ते सांगायचं, वाईट असेल तर आधी सांगायचं. सुरुवातीला कंटाळा करायचे, आता स्वतःच सांगतात, मला जंपर आणि डिस्चार्ज रॉड काय ते सगळं कळायला लागलंय, जाऊबाई म्हणतात आता तूच चढ पोलवर.

तर पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते. जनरेटर लावायचा असेल तर खुशाल लावा, पण इलेक्ट्रिशियनला बोलावून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, त्याने एका वेळी एकच बाजू चालू राहते, बाहेरची लाईट नाहीतर तुमचा जनरेटर. ते दोन प्लगवालं जुगाड कोणाकडे असेल तर आजच तोडून टाका, आणि शेजाऱ्याकडे दिसलं तर भांडण झालं तरी चालेल पण बोला. दूध डेअरी, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, ज्यांच्याकडे मोठे जनरेटर आहेत त्यांनी पावसाच्या आधी एकदा तपासून घ्या. आणि लाईट गेली तर १९१२ ला फोन करा, तक्रार तिथे नोंदली जाते, वायरमनला सतरा फोन करून काही होत नाही, मी करून बघितलेत.

काकांना पण एक विचारायचं होतं. लाईट किती वाजता गेली ते तुम्ही मिनिटासकट लिहिलंत, पण २६ तासांनी ती आणायला कोण आलं होतं, कुठलं होतं, कळलं का? आमच्यातलं कोणी होतं का म्हणून विचारलं, त्या आठवड्यात ह्यांची गाडी त्याच बाजूला होती.

पत्र छापलं तर माझं नाव टाकू नका प्लीज. ह्यांच्या डब्यात भाकरी बांधून द्यायला आम्ही तुमचाच पेपर वापरतो, आणि जेवण झाल्यावर तो कागद सरळ करून वाचायची त्यांना सवय आहे.

आपली,
एका लाईनमनची बायको
(फलटण तालुका, जि. सातारा)