अंधार म्हणजे उजेडाची टंचाई नव्हे

महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला फिल्म न्वारवरचा, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या गडद सावल्यांच्या गुन्हेपटांवरचा, लेख वाचला. या विषयाला मराठी दैनिकात एवढी जागा मिळाली याबद्दल आभार. पण पैसे नव्हते, म्हणून दिवे कमी लावले आणि त्यातून ही शैली आपोआप जन्मली, हे लेखातलं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही.

१९४४ चा 'डबल इंडेम्निटी' पॅरामाउंटचा. या स्टुडिओला दिव्यांची ददात नव्हती. विमा एजंट नायिकेच्या दिवाणखान्यात येतो तो प्रसंग आठवा. बाहेर कॅलिफोर्नियाचं रणरणतं ऊन आणि आत व्हेनेशियन ब्लाइंडच्या पट्ट्यांतून झिरपणारा, धुळीनं भरलेला उजेड. ती धूळसुद्धा मुद्दाम केलेली. हवेतला कण न् कण कॅमेऱ्याला दिसावा म्हणून छायालेखक जॉन साइट्झ यांनी ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवली होती. याला काटकसर म्हणायचं?

अशी धारदार सावली हवी असेल तर दिवा प्रखरच लागतो. तो एका बाजूनं मारायचा आणि सावल्या भरून काढणारा समोरचा फिल लाइट कमी करायचा किंवा विझवूनच टाकायचा. उजेड कुठे नको, हे आधी ठरवावं लागतं. न्वारमधले बरेच चित्रपट कमी पैशांत झाले हे मान्य. 'डीटूर'मध्ये धुक्यानं सेटची उणीव झाकली तेही मान्य. पण हात आखडता असलेल्या प्रत्येकाला हे जमलं असतं, तर छायालेखक जॉन आल्टन यांचं नाव आज कुणी घेतलं नसतं.

आल्टन यांचाच 'द बिग कॉम्बो' (१९५५) आमच्याकडच्या एका फिल्म क्लबनं दाखवला होता. शेवटचा प्रसंग विमानाच्या हँगरमधला. सगळीकडे धुकं. गाडीवरच्या स्पॉटलाइटचा झोत खलनायकाला जागच्या जागी खिळवतो आणि अखेरीस धुक्यात दोन काळ्या आकृती उरतात. नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी ओरडलं, "काही दिसत नाही!" आयोजकांनी लगेच प्रोजेक्टरचा ब्राइटनेस वाढवला. काळ्याचं राखाडी झालं, धुकं पांढरंफटक पडलं, त्या आकृत्यांच्या कडाही गेल्या. दारावरची ट्यूबलाइट तर पहिल्यापासून चालूच होती. मी उठून ती बंद करायला सांगितलं, तर उत्तर आलं, "अहो काका, लोकांना चेहरे दिसायला नकोत का?" नकोत! त्या प्रसंगात चेहरे दिसूच नयेत म्हणून एका माणसानं आपलं सारं कसब पणाला लावलंय. तो राग अजून गेलेला नाही. अंधार ही नाइलाजानं आलेली उणीव आहे, असं तुमचा लेख सांगतो तेव्हा पुढच्या खेळाच्या आयोजकालाही ब्राइटनेस वाढवायचा परवानाच मिळतो. म्हणून हे पत्र.

आणखी एक गोष्ट. पानभर लेखात दिग्दर्शक आले, नट-नट्या आल्या, त्यांच्या हॅट आणि सिगारेटी आल्या. छायालेखकाचं मात्र एकही नाव नाही. साइट्झ नाहीत, आल्टन नाहीत, 'आउट ऑफ द पास्ट'चे निकोलस मुसुराका नाहीत. ज्यांनी व्हिएन्नाचे ओले रस्ते टिपून 'द थर्ड मॅन'साठी ऑस्कर मिळवलं, ते रॉबर्ट क्रॅस्करही नाहीत. शैली दृश्याची आणि दृश्य टिपणाराच गायब! आपल्याकडचा 'सीआयडी' (१९५६) उल्लेखलात, तिथेही गुरुदत्त आणि राज खोसलांवर थांबलात. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा होता. पुढे 'कागज के फूल'साठी आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत आणणारे हेच ते मूर्ती. २००८ सालचा फाळके पुरस्कार मिळालेल्या माणसाचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती.

लेखासोबतचा फोटोही उजळवून छापला आहे. भिंतीवरच्या सावल्यांच्या पट्ट्या त्यात जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचं खाली म्हटलं आहे. त्यात छायालेखकांची नावं द्यावीत, आणि फोटो जसा आहे तसाच, काळाच्या काळा छापावा, ही विनंती.

कळावे,
आपला एक जुना वाचक, ठाणे