रोजच्या न्याहारीत बेकन नको

कोल्हापूर

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तालीम धरल्यापासून सकाळी अंड्यांबरोबर बेकनच्या, म्हणजे खारवून टिकवलेल्या डुकराच्या मांसाच्या, चार पट्ट्या रोज खातोस, हे चालेल का म्हणून विचारलंस. रोज नको. महिन्यातून दोन-तीनदा, दोन पट्ट्या, एवढ्यावर ठेव.

प्रोटीनसाठी खातोस, तर आधी तोच हिशेब बघ. भाजलेली पातळ पट्टी साधारण ८ ग्रॅमची. तिच्यात प्रोटीन जेमतेम ३ ग्रॅम, आणि चरबीही तेवढीच किंवा थोडी जास्त. म्हणजे तुझ्या चार पट्ट्यांचं काम दोन अंडी करतात. वर त्या चार पट्ट्यांतून सुमारे दीड ग्रॅम मीठ जातं, ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. आपल्याकडं मिसळीचा कट, फरसाण, पापड, लोणचं आणि तांबडा रस्सा यांतच ते संपतं, मर्दा. काकांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळं तू मिठाकडं जास्तच लक्ष दे.

कॅन्सरबद्दल वाचून घाबरलायस, ते नीट समजून घे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे बेकनसारखं खारवून टिकवलेलं मांस, पहिल्या गटात टाकलं, म्हणजे ज्यांनी माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलंय अशा गोष्टींत. तंबाखूही त्याच गटात आहे, पण म्हणून दोन्हींचा धोका सारखा होत नाही. पुरावा किती पक्का आहे, एवढंच तो गट सांगतो. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. शंभरात ५ जणांना तो होतो असं धर, तर ते ६ च्या आसपास जातील. धोका लहान आहे, पण तो रोजच्या सवयीतून येतो, आणि सवय तुझ्या हातात आहे.

पाकिटावर आयएनएस २५० हा क्रमांक दिसेल, ते सोडियम नायट्राइट, मांस टिकवायचं रसायन. जीवघेणे जंतू वाढू नयेत आणि रंग गुलाबी राहावा म्हणून ते घालतात. कडक आचेवर त्यापासून नायट्रोसामाइन नावाचे कॅन्सरला कारण ठरू शकणारे पदार्थ तयार होतात, म्हणून करपवणं सगळ्यात वाईट. काही पाकिटांवर ‘नायट्राइट घातलेलं नाही’ असं लिहून सेलरीची पूड वापरतात. तिच्यातूनही नायट्राइटच येतं, तेव्हा त्यासाठी जादा पैसे घालवू नकोस. चिकन बेकनही प्रक्रिया केलेलंच मांस.

करशील तेव्हा पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेव. पट्ट्या थंड तव्यावर पसरून मगच गॅस लाव, आणि तोही मंद. तापलेल्या तव्यावर टाकल्या तर कडा जळतात आणि मधली चरबी तशीच राहते. उलटत-पालटत आठ-दहा मिनिटांत चरबी सुटते. पट्टी सोनेरी झाली की काढ, काळी होऊ देऊ नकोस. कागदावर टिपून घे. तव्यातल्या चरबीत अंडी तळायची नाहीत, आणि ती बेसिनमध्येही ओतू नकोस, पाइप तुंबतो. डब्यात थिजू दे आणि कचऱ्यात टाक. त्या दिवशी अंड्यांत मीठ घालू नकोस, पापड-लोणचंही राहू दे.

रविवारचं मटण बंद करायला मी सांगत नाही. ताजं मटण प्रक्रिया केलेल्या मांसात येत नाही, पण शिजलेलं लाल मांस आठवड्याला ५०० ग्रॅमच्या आत ठेव. बाकीच्या दिवशी मटकीची उसळ, दही, अंडी आहेतच.

वहिनींना नमस्कार. फ्रीजमधलं उघडं पाकीट आठवड्याच्या वर गेलं असेल तर वास बघत बसू नकोस, टाकून दे.

तुझा,
विलास