रेवतीला पत्र : फेकायचा कप की ठेवायचा?

पुणे, ११ जून

प्रिय रेवती,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तिकडे न्यू जर्सीच्या दुकानात पाळीसाठी वापरून फेकायचे कप मिळतात, ते घेऊ की आमच्यासारखा सिलिकॉनचा एकच घेऊ, एवढंच विचारायला सात मिनिटं बोललीस! त्यात तांबीचा, म्हणजे तुझ्या कॉपर-टीचा, उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता. बाई गं, तो सगळ्यात आधी सांगायचा.

तू पाहिलेस ते खरं तर कप नाहीतच, डिस्क आहेत. फेकायचा की ठेवायचा हा प्रश्न नंतरचा. वस्तू आत कुठे बसते ते आधी बघ. कप योनीमार्गात खाली बसतो आणि आत उघडला की कडेने हवाबंद होऊन स्वतःला धरून ठेवतो. म्हणून काढताना नुसतं देठ ओढायचं नसतं, बूड चिमटीत दाबून आधी हवा सोडायची असते. डिस्क म्हणजे उथळ, मऊ वाटी. ती बरीच वर, गर्भाशयाच्या तोंडाखाली जाते आणि पुढची कड ओटीपोटाखालच्या, म्हणजे जघनाच्या, हाडामागे अडकते. तिथे ओढ नाही, नुसती अडकण.

आता तुझी तांबी. कप वापरणाऱ्या काही जणींची तांबी जागची हलल्याच्या किंवा निघून आल्याच्या नोंदी आहेत. हवा न सोडता ओढल्यामुळे किंवा कपाबरोबर तांबीचा खाली लोंबणारा दोराही चिमटीत आल्यामुळे हे होत असावं, असं डॉक्टर म्हणतात. डिस्कला ओढ नसली तरी काढताना बोट दोऱ्यात अडकू शकतं. म्हणजे निर्धास्त दोन्हीत नाही. ज्यांनी तांबी बसवली त्यांना फोन कर, दोरा किती लांब ठेवलाय ते विचार, हवं तर आखूड करून घे. हे झाल्याशिवाय काहीही विकत घेऊ नकोस.

तू म्हणालीस की तांबीनंतर अंगावरून जास्त जातं. त्या बाबतीत डिस्क सरस. २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी पॅड, टॅम्पॉन, कप, डिस्क सगळं खऱ्या रक्ताने तपासलं (तोवर हे बहुतेक मिठाच्या पाण्यावर चालायचं, बायकांच्या वस्तूंना कोण एवढं मनावर घेतो!). सगळ्यात जास्त डिस्कमध्ये मावलं, सरासरी ६१ मिली. साधारण पाळीत सगळे दिवस मिळून ३०-४० मिली जातं आणि ८० च्या वर गेलं की डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. तुझं त्या बाजूला जात असेल तर नुसती डिस्क बदलून भागायचं नाही, हिमोग्लोबिनही तपासून घे.

डिस्कची खोड म्हणजे काढताना होणारा राडा. कडेखाली बोट घालून ती आडवी, सपाट बाहेर काढावी लागते. जरा तिरकी झाली की संपलं. कमोडपेक्षा बाथरूममध्ये उकिडवं बसून, थोडं कुंथून काढ, आपोआप खाली येते. ऑफिसात पहिल्यांदा करू नकोस. काहीजणींची डिस्क लघवीला बसल्यावर आपसूक थोडी रिकामी होते आणि पुन्हा जागेवर जाते. तसं झालं तर घाबरू नकोस.

आता फेकायचं की ठेवायचं. दिवसाला दोन धरल्या तर पाच दिवसांच्या दहा, वर्षाच्या एकशेवीस. सिलिकॉनचा कप नीट उकळून ठेवला तर दहा वर्षांपर्यंत चालतो. तेवढ्या काळात फेकायच्या डिस्क बाराशे होतील, आणि एकेक डॉलरच्या आसपास पडते. कचऱ्याचं तुला मी काय सांगू? आपल्या सोसायटीत ओला-सुका वेगळा करणाऱ्या ताई आणि त्यांना ओळखू यावं म्हणून गुंडाळलेल्या पॅडवर लाल ठिपका काढून द्यायची ती मोहीम तुला आठवत असेलच. तिकडे तो कचरा डोळ्यांआड जातो, एवढाच फरक.

तरी फेकायची डिस्क मी मोडीत काढणार नाही. १९३७ मध्ये लिओना चाल्मर्स या अमेरिकन नटीने रबरी कपाचं पेटंट घेतलं, पण तो विकत घेऊन, धुऊन, पुन्हा वापरायचा या कल्पनेला बायका बिचकल्या. पुढे महायुद्धात रबरच मिळेना. सत्तरच्या दशकात फेकायचा कप निघाला तो या बिचकण्यावर उपाय म्हणूनच. तोही टिकला नाही, पण उपाय अजून लागू आहे. धुवायला पाणी नाही, बेसिन बाहेर आणि रांग लागलेली, लांबचा प्रवास, अशा वेळी काढली, गुंडाळली, टाकली. शिवाय आकार आपल्याला मानवतो का, हे बघायला याहून स्वस्त मार्ग नाही. म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलं तर एक छोटं पाकीट आण, दोन पाळ्या बघ आणि जमलं तर सिलिकॉनची धुऊन वापरायची डिस्क घे. तिला काढायला छोटी पट्टी असते, ती माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात बरी. दर महिन्याला पाकिटं आणत बसण्यात मात्र अर्थ नाही.

जंतुसंसर्गाची तुझी भीती रास्त आहे, पण प्रमाणात ठेव. २०१९ मध्ये लॅन्सेटच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात कप सुरक्षित आणि पॅडइतकाच, किंबहुना कमी गळणारा ठरला. टॉक्सिक शॉकच्या, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराच्या, नोंदी अगदी मोजक्या. हात धू, नखं काप, बारा तासांवर आत ठेवू नकोस आणि अचानक ताप, उलट्या, अंगावर पुरळ असं काही झालं तर ते काढून थेट दवाखाना गाठ. आणि डिस्क म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, ते काम तांबीचंच. ती हलली की नाही हे कळायला दर पाळीनंतर दोरा चाचपून बघ.

काकूंना यातलं काही सांगू नकोस, त्यांना अजून पॅडही महाग वाटतात. आणि दिवाळीला येशील तेव्हा माझ्यासाठी एक धुऊन वापरायची डिस्क घेऊन ये, लहान मापाची. पैसे देईन, नेहमीसारखं नाटक करायचं नाही.

तुझी,
मीनल