बाबा, पैसा फळ्यांखाली घाला

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
१२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही सगळ्यालाच "बरं, बरं" म्हणता आणि मागून दादा काहीतरी तिसरंच बोलत असतो. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. छापून घ्या, मिस्त्रीला आणि सुताराला दाखवता येईल. दादालाही वाचायला द्या. त्याला राग आला तरी चालेल.

आमच्या मागच्या अंगणातला लाकडी डेक (जमिनीपासून उचललेला फळ्यांचा ओटा) पाहून तुम्हाला नागपूरच्या, प्रतापनगरच्या घरामागे हुबेहूब तसाच हवा आहे, असं आई म्हणाली. हौस करा, पण हुबेहूब नको. उन्हाच्या बाबतीत हे गाव आपल्या वरताण आहे. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत, सलग ३१ दिवस, इथे पारा रोज ४३ अंशांच्या वर जात होता. आपला नवतपा नऊ दिवसांत आटोपतो, यांचा महिनाभर चालला. (तरी २०२४ च्या मे अखेरीला नागपूरच्या एका केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा ऑफिसातले लोक माझ्याकडे आदराने बघू लागले होते. मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं आणि माझा भाव उतरला.) पण इथे पाऊस वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरसुद्धा नाही. आपल्याकडे हजाराच्या आसपास, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. इथलं लाकूड एकदा वाळलं की वाळलेलंच राहतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की दाराच्या चौकटी कडकड वाजतात, आणि दोन महिन्यांनी तेच दार फुगून लागत नाही. डेकचा जीव जातो तो या ओढाताणीने. शिवाय खाली काळी माती आणि वाळवी. म्हणून जो काही खर्च कराल त्यातला मोठा वाटा फळ्यांखाली, जिथे पाहुण्यांची नजर जात नाही तिथे करा.

आधी दादाचा विषय संपवते. तो कॉम्पोझिटच्या पट्ट्या घ्या म्हणून राहिला आहे. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र दाबून त्या करतात. वाळवी लागत नाही, तेल लावावं लागत नाही, हे त्याचं खरं आहे. पण आमच्या शेजाऱ्यांकडे गडद तपकिरी रंगाच्या आहेत आणि उन्हाळ्यात दुपारी त्यांचा कुत्रा त्यांवर पाय ठेवत नाही. प्लॅस्टिक तापलं की लांबीत वाढतं. साडेतीन मीटरची पट्टी पहाट ते दुपार चार-पाच मिलिमीटर सहज सरकते. लाकूड उन्हाने लांबीत जवळजवळ वाढतच नाही. रुळांच्या जोडात फट का ठेवायची हे तुम्ही गँगमनना आयुष्यभर सांगितलंत, तेच दादाला सांगा. त्याच्या दुकानदाराने पट्ट्या टोकाला टोक भिडवून बसवायचं कबूल केलं आहे म्हणे, तेवढ्यावरूनच मला तो माणूस नको वाटतो. आणि गॅरंटीच्या कागदात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते दादाने वाचलं असेल असं वाटत नाही.

तुमच्या डोक्यात रुळांखालचे जुने स्लीपर आहेत, हेही आईने फोडलं. रेल्वेच्या लिलावात मिळतील, ओळखीही आहेत, सगळं मान्य. पण लाकडी स्लीपरना क्रिओसोट पाजलेलं असतं. ते काळं तेल उन्हात पुन्हा वर पाझरतं, कातडीला चुरचुरतं, अंगाला चांगलं नाही. दादाची पोट्टी तिथे अनवाणी लोळणार. स्लीपर नकोच.

आता माती. आपल्या अंगणात उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, ज्यांत लहानपणी मी आईची काडेपेटी घालवली होती, त्या लक्षात आणा. ती माती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते, दरवर्षी. घराचं वजन तिला दाबून तरी ठेवतं. डेक पडला हलका. तो खाली बसेल याची भीती कमी, पावसाळ्यात माती त्याचा एखादा कोपरा वर उचलेल याची जास्त. मिस्त्री म्हणेल, "साहेब, दीड फूट खड्डा बस झाला." बस होत नाही. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणायला लावा. आणि तुम्ही स्वतः उभे राहून बघा, आई म्हणेल पडवीतून बघा, पण तिथून खड्ड्याचा तळ दिसत नाही. पाच फुटांवरही मुरूम लागला नाही तर थांबा आणि मला कळवा. त्यासाठी वेगळा उपाय आहे: अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर कांदा असलेला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तो काळ्या मातीसाठीच विकसित केला. कांद्याचा व्यास खांबाच्या साधारण अडीचपट असतो, तो खालच्या स्थिर मातीत अडकून बसतो आणि वरची माती फुगली तरी खांबाला उपटू शकत नाही. नागपुरात हे करणारे ठेकेदार मिळतात.

खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता होऊ देऊ नका. आपल्याकडे नेहमी तसाच होतो, कारण कडा ढासळतात आणि मिस्त्री सगळं काँक्रीटने भरून मोकळा होतो. मग फुगणाऱ्या मातीला वरच्या बाजूला धरायला आयता कंगोरा मिळतो. खांब सरळ हवा, आणि भोवतीची पोकळी काळ्या मातीने न भरता मुरूम ठोकून भरा. बारा बाय सोळा फुटांच्या डेकला तीन ओळींत चार-चार असे बारा खांब पुरतील. प्रत्येक खांब जमिनीच्या वर निदान आठ इंच उघडा दिसला पाहिजे. वाळवी जमिनीतून येते ती मातीची नळी बांधत येते. खांब उघडा असला की ती नळी दिसते आणि तुम्ही काठीने फोडू शकता. खांबावर आटे पाडलेला जाड बोल्ट आणि वर प्लेट बसवून घ्या, म्हणजे चार वर्षांनी एखादा कोपरा हललाच तर पाना घेऊन लेव्हल करता येईल. ओतल्यावर सात दिवस तराई झाली पाहिजे, म्हणजे काँक्रीट पाणी मारून ओलं राहिलं पाहिजे. हे लिहिते कारण ओतून झालं की मिस्त्री गावी जातो.

डेक घराच्या भिंतीला अजिबात जोडू नका. इथे लोक जोडतात. आपल्याकडे घर एका तऱ्हेने हलतं, अंगण दुसऱ्या तऱ्हेने, आणि जोडलेल्या जागी पाणी मुरून भिंतीला ओल येते. मध्ये दोन बोटं जागा सोडा.

डेकखालच्या जागेतली वरची सहा इंच काळी माती काढून टाका, मुरूम पसरून रोलर फिरवा, घरापासून बाहेरच्या बाजूला शंभराला एक असा उतार द्या, वर गिट्टी. रुळाखाली गिट्टी का असते हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे कमालच झाली. गिट्टीखाली जाड कापड (जिओटेक्स्टाइल म्हणून मिळतं) घाला, नाहीतर पहिल्याच पावसात फटींतून गाजर गवत वर येईल. बाजू बंद करून आई म्हणते तसं "नीटनेटकं" करू नका. हवा खेळली पाहिजे. साप-विंचवाची भीती असेल तर बारीक जाळी लावा.

सांगाडा लोखंडी, जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) चौकोनी पाइपचा, तीन मिलिमीटरपेक्षा पातळ नको. लाकडी सांगाडा सागाचा केला तरी पैसा फुकट जाईल आणि हलक्या लाकडाचा केला तर वाळवीचं जेवण होईल. जमेल तिथे नट-बोल्ट, कारण वेल्डिंगने जस्त जळतं आणि गंज नेमका त्या सांध्यातून सुरू होतो. जिथे वेल्डिंग होईलच तिथे जस्ताचा रंग दोन हात. पाइपची तोंडं टोप्या घालून बंद करायला सांगा. फॅब्रिकेशनवाला हे हमखास विसरतो आणि पाइप आतून सडतो. फळ्यांना आधार देणारे पाइप सोळा इंचांवर.

फळ्यांसाठी सागवानच घ्या, त्याला दुसरा पर्याय शोधत बसू नका. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आपल्या दारात आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून लाकूड गेलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. पण साग म्हटला की सगळा साग नव्हे. गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, बाहेरचा पांढुरका भाग मात्र ती मिटक्या मारत खाते. लागवडीच्या कोवळ्या झाडांत हा पांढरा भागच जास्त असतो. आरा मशीनवर एकेक फळी दोन्ही बाजूंनी बघून घ्या, पांढरी कड असली तर ती कापून मगच घनफूट मोजायला लावा. महाल भागातले जुने वाडे पाडतात तिथल्या तुळया मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. ते लाकूड कित्येक वर्षं मुरलेलं असतं. फक्त आतले खिळे काढून घ्यावे लागतात, नाहीतर आरावाला शिव्या घालेल.

फळी इंचभर जाड आणि चार इंच रुंद. रुंद फळी भारदस्त दिसते हे खरं, पण तीच उन्हाळ्यात वाटीसारखी वाकते. आता फट. चार इंची फळी मे आणि ऑगस्ट यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त होते. काम उन्हाळ्यात केलं तर फळी सर्वांत आकसलेली असते, म्हणून फट मोठी, सहा मिलिमीटर. पावसाळ्यात केलं तर ती आधीच फुगलेली असते, तेव्हा तीन पुरे. सुतार नेमकं उलट करतो, कारण उन्हाळ्यात रुंद फट त्याला फटफटीत दिसते. माझं ऐकाल तर खांबांचं काम दिवाळीनंतर, फळ्या जानेवारीत, पाच मिलिमीटर फटीने. एक पट्टी त्याच जाडीची कापून सुताराच्या हातात द्या म्हणजे तो डोळ्याने मोजणार नाही. प्रत्येक स्क्रूआधी ड्रिलने भोक, आणि स्क्रू स्टेनलेसचे, ३०४ नंबरचे. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे महागड्या ३१६ ची गरज नाही. साध्या लोखंडी स्क्रूभोवती सागावर काळे डाग पडतात. फळी आणि पाइप यांच्यामध्ये रबराची पट्टी.

एक गोष्ट इथल्या कुठल्याच सुताराने मला सांगितली नसती, कारण ती नागपूरची आहे. कूलर! मागच्या खिडकीचा कूलर डेकच्या बरोब्बर वर येतो. बाकी सगळा डेक मे महिन्यात कोरडा ठणठणीत आणि तेवढा चौकोन दिवसरात्र ठिबकून ओला, वर खाऱ्या पाण्याचे पांढरे थर. सडायची सुरुवात तिथूनच होणार. एक तर कूलर बाजूच्या खिडकीत न्या, नाहीतर खाली ट्रे आणि पाइप लावून पाणी कढीपत्त्याला सोडा. आईच्या कुंड्यांनाही खाली विटांचे तुकडे हवेत, बूड टेकवून ठेवायच्या नाहीत.

पॉलिश आणि वार्निश दोन्ही नकोत. एका उन्हाळ्यात पापुद्रे निघतात आणि मग सगळं खरवडावं लागतं. तेल लावायचं, ते लाकडात मुरतं. घाण्यावरचं जवसाचं तेल आपल्याकडे शुद्ध मिळतं म्हणून तेच घ्या असं काका सुचवतील. ते कित्येक दिवस चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. बुरशीनाशक आणि रंगद्रव्य घातलेलं डेक ऑइल घ्या, रंगद्रव्यानेच ऊन अडतं. दिवाळीनंतर, लाकूड पूर्ण वाळल्यावर, सकाळच्या सावलीत लावा. पुढे दरवर्षी पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब उभे राहिले तर या वर्षी सुट्टी, लगेच शोषले गेले तर तेलाचा हात द्या. लावलंच नाही तर फळ्या राखाडी होतील, एवढंच. मला तो रंग आवडतो, आईला आवडणार नाही.

आई, कुरडया आणि सरगुंडे या तेलकट फळ्यांवर वाळत घालायचे नाहीत, खाली खाट आणि धोतर हवंच. आणि घराचा मागचा भाग पूर्वेला आहे हे आपलं नशीब. दुपारी तीननंतर घराचीच सावली डेकवर येईल, छप्परबिप्पर काही लागणार नाही. दादा पत्र्याची शेड म्हणेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

खड्डे खणले की टेप आत सोडून फोटो पाठवा, मुरूम दिसला पाहिजे.

तुमची,
शिल्पा

ता. क. तेल पुसलेले कपडे आणि बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारखी वाळणारी तेलं वाळताना स्वतःच तापतात आणि ढिगाला आपोआप आग लागते, तीही काडी न लावता. दोरीवर एकेक मोकळे वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. सुतारालाही सांगा, तो नेहमी ते गाडीच्या डिकीत कोंबतो.