भाजीला साबण नको

२०२०च्या करोना टाळेबंदीत कोथिंबिरीची जुडी साबणाच्या फेसात बुडवली जाई, वर्तमानपत्रावर इस्त्री फिरे. भीती खरी होती, उपाय चुकला. साबण देठांच्या बेचक्यांत अडकतो, पुरता निघत नाही. पोटात गेल्यास मळमळ, जुलाब होऊ शकतात. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता १०,०००त एकाहूनही कमी, असे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१मध्ये सांगितले. खरा धोका बंद खोलीतल्या हवेत होता, आणि खिडक्या मात्र लावून घेतल्या गेल्या! काही घरांत भाजीला साबण अजूनही लागतो. कृपया थांबवा. पालेभाजी निवडून, चिरण्याआधी, पातेलंभर पाण्यात खळबळावी आणि वर उचलून घ्यावी. पातेले उपडे केले, तर तळाची माती पुन्हा पानांवर बसते. दोन-तीनदा पाणी बदलावे, शेवटी नळाखाली धरावी.

– एक गृहविज्ञान शिक्षिका, सातारा