बाइंडर काकांना जाहीर पत्र

काका,
सा. न. वि. वि.

"बोलायचं ते समोर येऊन बोल," असं तुम्ही म्हणाल. पण समोर आलं, आभाराचा नुसता सूर लागला, की तुम्ही चहा सांगायला उठता. म्हणून हे चारचौघांत.

माझ्या प्रदर्शनाच्या पत्रकावर छापलेलं असतं, 'कुठल्याही कला महाविद्यालयात शिक्षण नाही.' खरंच आहे. कॉमर्स केलं, नोकरी धरली आणि रात्री जेवणाच्या टेबलावर कोलाज करत बसले. कागद मात्र मी शनिवार पेठेतल्या तुमच्या दुकानात शिकले, आणि पत्रकात त्याला जागा नसते.

यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. खळ लागली की कागद त्यांच्या आडव्या अंगाला फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला ओढून वाकवतो. तुम्ही असलं काही समजावलं नाहीत. एक कागद उभा फाडलात, मग आडवा. एकीकडे सरळ गेला, दुसरीकडे वेडावाकडा. "आता पाठीमागेही तसाच कागद लाव, त्याच दिशेने." संपला तास. माझी मोठी कामं भिंतीवर सपाट बसतात ती एवढ्यामुळे. बघणारे कौतुक करतात रंगांचं.

मग मैद्याची खळ. कसर लागू नये म्हणून त्यात जरासं मोरचूद, आणि मोरचुदाचा हात तोंडाला लावायचा नाही ही दर वेळची तंबी. खळीने चिकटवलेलं पुढे कुणाला पाण्याने सोडवता येतं, फेविकॉलचं तसं नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं. तरी बटणं आणि जाड कापड मी अजून फेविकॉलनेच चिकटवते. यावर आपलं कधी जमणार नाही.

वर्तमानपत्राचा कागद मला फार आवडायचा. त्यात लाकडातलं लिग्निन राहतं, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो आणि पुढे तुकडे होतात. तुम्ही मला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत धाडलंत. संस्था 1940 पासूनची, कागद सुती चिंध्यांचा. तेव्हापासून खालचा थर तोच.

आणि अबरी! वह्यांच्या आतल्या बाजूला लावायचे ते लहरींचे कागद. त्यांची कातरण तुम्ही पोत्यातून काढून द्यायचात. विजापूरच्या चित्रकारांनी 17व्या शतकात याच अबरीत हाडकुळे घोडे रंगवले होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तुम्हाला फोटो दाखवला तर म्हणालात, "घोडा उपाशी आहे, कागद झकास आहे."

कोलकात्याच्या शकीला शेख यांच्याबद्दल वाचलं तेव्हा तुम्ही आठवलात. त्यांची आई भाजी विकायची. बलदेवराज पनेसर, पेशाने संख्याशास्त्राचे आणि स्वतः कोलाज करणारे, त्यांनी या मुलीला हात दिला. 1991 साली शकीलाबाईंचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, आणि हाताने फाडलेल्या कागदांची त्यांची चित्रं पुढे परदेशात पोचली. माझी झेप तेवढी नाही आणि तुम्ही चित्रकार नाही. पण कुणीतरी पुठ्ठा हातात ठेवावा लागतो, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

तुम्ही तर विक्रीही केलीत. कालनिर्णय आणि दरपत्रक यांच्या मधल्या खिळ्यावर माझं एक काम टांगलंत. कायद्याची पुस्तकं बांधायला आलेल्या वकीलसाहेबांनी किंमत विचारली, आणि मला न विचारता तुम्ही आकडा सांगितलात. मी सांगितला असता त्याच्या तिप्पट. त्यांनी घासाघीस केली, तुम्ही कटिंग मशीन सुरू केलंत. पैसे मात्र सगळे माझ्या हातात. त्यानंतर मी किंमत सांगताना आवाज खाली करत नाही.

पुढच्या पत्रकात तुमचं नाव घालायचं म्हटलं तर नको म्हणालात, म्हणून इथेही घातलेलं नाही. पण पत्रकातली ओळ मी बदलतेय. 'कागदाचं काम शनिवार पेठेतल्या एका बाइंडरांकडे शिकले,' असं येईल. त्याला तुमची हरकत चालणार नाही.

शनिवारी येते. त्या जुन्या खतावण्यांचे पुठ्ठे तोवर रद्दीत घालू नका, आणि चहा या खेपेला मी सांगणार.

आपली,
कातरणवाली